दगड उचलण्यापूर्वी



तुमच्या शाळेची सहल कधी ना कधी एखाद्या डोंगरावर किंवा किल्ल्यावर गेली असेलच. परत आल्यावर घरी कोणीतरी विचारले असेल, "काय काय पाहिलेस?" त्या वेळी तुम्ही काय उत्तर दिलेत, ते जरा आठवून पाहा बरे! मी अनेक वर्षे हा प्रश्न मुलांना विचारीत आलो आहे. उत्तरे ठरलेली असतात. "खूप मजा आली." "आम्ही सगळ्यांत आधी वर पोहोचलो." "माकडाने डबा पळवला." अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे. मुले मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "हे पाहा फोटो!" त्या फोटोंत मुलेच असतात. डोंगर त्यांच्या मागे कुठेतरी उभा असतो.

मजा करू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु दिवसभर डोंगरावर हिंडून आलेल्या मुलाला तिथल्या एकाही प्राण्याविषयी चार वाक्ये नीट सांगता येत नसतील, तर त्या सहलीत काहीतरी चुकले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत कसे बनले ते सांगायचे, तर आधी माझी स्वतःची एक चूक तुमच्यापुढे कबूल करायला हवी.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच शिक्षक झालो होतो. पाऊस ओसरत आला होता आणि सुमारे पन्नास मुलांना घेऊन आम्ही सह्याद्रीतील एका घाटवाटेने चढत होतो. वाट ओली होती. पुढच्या मुलांनी एकदम ओरडा केला, "दुतोंड्या! दुतोंड्या!" क्षणभरात दहाबारा मुलांच्या हातांत दगड आले. मी वीसएक पावले मागे होतो. मुलांनी माझ्याकडे पाहिले. मी काय म्हणालो असेन? "थांबा" म्हणालो नाही. "जवळ जाऊ नका, लांबूनच मारा," असे मी म्हणालो. मुलांनी गुरुजींची आज्ञा पाळली.

मेलेला प्राणी मी काठीने उचलून पाहिला. जेमतेम वीतभर लांब. अंग काळपट जांभळे आणि तुळतुळीत, कडेने पिवळसर ठिपके. एका टोकाला लहानसे निमुळते डोके. दुसरे टोक मात्र कोणी सुरीने तिरके छाटावे तसे बोथट, आणि त्याला ओल्या मातीचा गोळा चिकटलेला. तोंड एकच होते. दुसरे कुठेच नव्हते.

पुढे एका जाणकारांना मी त्याचे वर्णन ऐकवले. ते म्हणाले, "अहो, तो खापरखवल्या. जमिनीत राहणारा साप. गांडुळे खातो. माणसाला चावल्याचे कोणी ऐकले नाही." खापरखवल्यांच्या कुळातील साप जगात फक्त दोन ठिकाणी आढळतात: दक्षिण भारताचे द्वीपकल्प आणि श्रीलंका. निमुळत्या डोक्याने ते भुसभुशीत मातीत वाट काढतात. शेपटीच्या टोकावरच्या खरखरीत खवल्यांना माती चिकटून बसते, आणि मागून कोणी बिळात शिरू लागले तर ते टोक बुचासारखे उपयोगी पडते. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरली, की बिचारे वर येतात. आमच्या वाटेवर तो आला होता तो असाच. सबंध पृथ्वीवर ज्याचे घर फक्त आपल्या या भागात आहे, असा एक निरुपद्रवी जीव पन्नास विद्यार्थी आणि एक विज्ञानशिक्षक यांनी मिळून दोन मिनिटांत ठार केला होता.

आता नीट विचार करा. तो साप कशाने मेला? दगडाने, असे तुम्ही म्हणाल. मला मात्र वाटते, तो एका शब्दाने मेला. "दुतोंड्या" हा शब्द कोणीतरी उच्चारला आणि त्या क्षणापासून कोणी त्या प्राण्याकडे पाहिलेच नाही. सगळे त्या शब्दाकडे पाहत होते. त्याला दोन तोंडे आहेत का, हे तपासायला फार तर अर्धा मिनिट लागला असता. मांडूळ या सापाच्या बाबतीत हेच घडते. त्याची शेपटी आखूड व बोथट असते, म्हणून त्यालाही लोक दोन तोंडांचा समजतात. त्यावरून गुप्तधनाच्या आणि जादूटोण्याच्या कथा रचल्या जातात, आणि त्या कथांवर विश्वास ठेवणारे लोक आजही मांडुळांची चोरटी विक्री करताना पकडले जातात.

विज्ञानाच्या पुस्तकात आपण पहिल्याच धड्यात शिकतो, की आधी निरीक्षण, मग अनुमान. परीक्षेत हे वाक्य आपण बिनचूक लिहितो. डोंगरावर मात्र अनुमान आधी होते, मग दगड सुटतो आणि निरीक्षण मेलेल्या प्राण्याचे होते!

सलीम अलींचे नाव तुम्ही ऐकले आहे. लहानपणी त्यांनीही छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्याशी पिवळा ठिपका होता. अशी चिमणी त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. ही कोणती, असा प्रश्न त्यांना पडला. तो प्रश्न घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. तिथले चिटणीस मिलार्ड यांनी त्या मुलाला हाकलून दिले नाही. त्याला पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. भारतातला एक थोर पक्षिशास्त्रज्ञ त्या दिवशी घडू लागला. यातला धडा बंदुकीचा नाही हे सांगायला नकोच. धडा प्रश्नाचा आहे. तो प्रश्न जीव घेण्याच्या आधी पडावा, एवढीच माझी इच्छा आहे.

त्या प्रसंगानंतर मी सहलीची रीतच बदलली. ती कशी, हे सांगण्यासाठी आमच्या एका दिवसाची हकीकत सांगतो.

दिवाळीनंतरचे दिवस होते. आठवी-नववीच्या दहा मुलामुलींना घेऊन मी रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या खांडस गावी पोहोचलो. तिथून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटा आहेत. शिडी घाटाची वाट जवळची, पण कड्यावरून शिड्यांनी चढणारी. मुलांना घेऊन तिच्या वाटेला मी जात नाही. गणेश घाटाची वाट लांबची, पण पायाखाली भरवशाची. आमच्याबरोबर गावातलेच एक वाटाड्ये होते. मुले त्यांना मामा म्हणू लागली.

निघण्यापूर्वी प्रत्येकाला एक छोटी वही दिली. तिच्यात तीन रकाने आखलेले होते. पहिल्यात वेळ आणि जागा. दुसऱ्यात काय दिसले किंवा ऐकू आले. तिसऱ्यात त्यावरून काय वाटले. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याची सरमिसळ करायची नाही, एवढा एकच नियम. नियम साधा दिसतो, पण पाळून पाहा म्हणजे कळेल!

पहिली गंमत तासाभरातच झाली. वाटेत एका दगडावर वाळलेली विष्ठा पडली होती. एकाने लगेच लिहिले, "बिबट्या." मी विचारले, "तुला बिबट्या दिसला का?" तो ओशाळला. मग सगळे खाली बसून पाहू लागले. रंग करडा. आत केस. हाडाचा एक बारीक तुकडा. हे सारे दुसऱ्या रकान्यात गेले. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे? "मांस खाणारा प्राणी," एवढेच सर्वांना मान्य झाले. मामा हसून म्हणाले, "बिबट्याची असंल, नाहीतर कुत्र्याचीबी असंल. पावलं दिसली असती तर सांगितलं असतं." एवढी वर्षे रानात काढलेला माणूस "सांगता येत नाही" असे म्हणतो, हे मुलांनी ऐकले. माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा ते मोलाचे होते.

वर जंगल दाट होत गेले, तशी वानरांची टोळी भेटली. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. आमच्या पुढे एक सहल होती. तिच्यातले लोक बिस्किटे फेकत होते आणि वानरे ती झेलीत होती. आमच्यातल्या दोघांचे हात आपसूक पिशवीकडे गेले. मी त्यांना थांबवले आणि वानराच्या पोटाविषयी सांगितले. वानर मुख्यतः पाने, कोवळे कोंब, फळे खातो. पानांतला चिवट भाग आपल्याला पचत नाही. वानराचे जठर मात्र अनेक कप्प्यांचे असते आणि त्यात राहणारे जिवाणू ही पाने आंबवून पचनयोग्य करतात. काही अंशी गाईच्या पोटासारखीच ही व्यवस्था आहे. पानांसाठी घडलेल्या अशा पोटात साखर आणि मैदा जाऊ लागला, म्हणजे ती व्यवस्था बिघडू शकते. शिवाय माणसाची भीती मोडते. आज हातातले बिस्कीट घेणारा वानर उद्या पिशवी ओढतो, परवा चावतो, आणि मग वानरे माजली म्हणून आपणच तक्रार करतो. सवय कोणी लावली?

आम्ही पुढे निघून गेलो आणि एका वळणावर बसलो. ती पुढची सहलही निघून गेल्यावर वानरे पुन्हा झाडांवर चढली आणि पाने खाऊ लागली. एक मोठा नर उंच फांदीवर बसून चहूकडे पाहत होता. "तो पहारा देतो आहे," असे एका मुलीने लिहिले. मग स्वतःच खोडले, दुसऱ्या रकान्यात "उंच बसला आहे, मान वळवतो आहे" असे लिहिले, आणि "पहारा देत असावा" हे तिसऱ्या रकान्यात टाकले. मला फार आनंद झाला. तो खरोखर पहारा देत होता का, हे आम्हाला त्या दिवशी कळले नाही. बिबट्या दिसला की वानर "खॅक् खॅक्" असा घोगरा आवाज काढून इशारा देतो. तसा आवाज आम्ही ऐकला नाही. "ऐकला नाही" हेही आम्ही लिहिले. न दिसणे, न ऐकू येणे ही देखील नोंदच असते.

दुपारी घाटमाथ्याच्या जंगलात शिरलो. भीमाशंकरचे हे जंगल १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. शेकरू हा आपला राज्यप्राणी, आणि त्याचे हे प्रसिद्ध घर. इथे आमचा मौनाचा तास सुरू झाला. एकेकाने दहा-दहा पावलांच्या अंतरावर झाडाला टेकून बसायचे. बोलायचे नाही. मोबाईल पिशवीत.

पहिली वीस मिनिटे कठीण गेली. कोणी चुळबूळ केली, कोणी डास मारले. मग पायाशी काहीतरी टपकन पडले. उंबराचे अर्धवट कुरतडलेले फळ. थोड्या वेळाने दुसरे. दहाही डोकी हळूच वर झाली. पानांच्या आड तांबूस पाठ दिसली, मग फिक्या रंगाची झुबकेदार शेपटी. शेकरू!

शेकरू म्हणजे मोठी खार. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर, वजन दीड ते दोन किलो. मागच्या पायांनी फांदी धरून, शेपटी तोल सांभाळायला मागे सोडून, ते पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून खात होते. आम्ही अकरा मिनिटे त्याला पाहिले. मग ते फांदीच्या टोकाशी धावले आणि अधांतरी झेप घेऊन शेजारच्या झाडावर गेले. शेकरू सहा मीटरांपर्यंत उडी मारू शकते. जमिनीवर ते क्वचितच उतरते. त्याचे खाणे, झोपणे, पिल्ले वाढवणे सारे झाडांच्या वरच्या मजल्यावर. काटक्या आणि पाने यांची गोल घरटी ते बांधते. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधून ठेवते. त्या परिसरात आम्हाला पाच घरटी दिसली. तेव्हा "पाच घरटी म्हणजे पाच शेकरे" हे अनुमानही बाद झाले!

मौन संपल्यावर एका मुलाने विचारले, "सर, मधे रस्ता आला आणि पलीकडचे झाड दहा मीटर लांब असेल, तर ते कसे जाणार?" अभयारण्य म्हणजे नुसती झाडांची संख्या नव्हे, फांदीला फांदी लागून असलेले सलग छत हवे, हे पुस्तकात वाचून मुले विसरली असती. त्या मुलाला ते स्वतःच्या प्रश्नातून कळले. बिस्किटे फेकत गेलेल्या सहलीतल्या मुलांच्या डोक्यावरूनही कदाचित तेच शेकरू गेले असेल.

आता शेवटचा प्रसंग. जंगलाच्या कडेला पुढे चालणारी मुलगी एकदम थांबली आणि तिने हात वर केला. कमरेएवढ्या उंचीच्या झुडपावर एक हिरवा साप वेटोळे घालून बसला होता. माझ्या छातीत धस्स झाले, कारण तो चापडा होता, म्हणजे विषारी. पन्नास मुलांचा तो जुना दिवस माझ्या डोळ्यांपुढे आला. पण या वेळी कोणी ओरडले नाही, कोणी खाली वाकून दगड शोधला नाही. सगळे चार पावले मागे सरले आणि पाहू लागले. रुंद त्रिकोणी डोके, बारीक मान, झाडपाल्याचा रंग. साप हलला नाही. तो लपून बेडूक-सरड्यांची वाट पाहणारा शिकारी. आमच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हते. पाच मिनिटांनी मामांनी आम्हाला लांबून वळसा घालून नेले.

एका मुलाने विचारले, "त्रिकोणी डोके म्हणजे विषारी, हे लक्षात ठेवायचे ना?" नाही! नाग आणि मण्यार यांची डोकी तशी नसतात, आणि काही बिनविषारी साप घाबरले की डोके चपटे करून त्रिकोणी दाखवतात. जंगलात सुरक्षित राहण्यासाठी प्रत्येक साप ओळखता आलाच पाहिजे असे नाही. कोणत्याही सापापासून दूर उभे राहता आले पाहिजे. आणि दुर्दैवाने साप चावलाच, तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला भाग हलू देऊ नये आणि तडक रुग्णालय गाठावे.

ही हकीकत सांगितली, की शिक्षक मित्र मला तीन आक्षेप सांगतात. पहिला, "आमच्याकडे साठ मुले आणि एक बस असते." आक्षेप खरा आहे. पण साठ मुले एकाच वाटेने, एकाच वेळी गेली पाहिजेत असे कोठे आहे? पालक आणि माजी विद्यार्थी यांची मदत घेऊन दहा-दहांचे गट करता येतात. त्यासाठी भीमाशंकरलाच जायला हवे असेही नाही. गावामागची टेकडी पुरते. दुसरा आक्षेप धोक्याचा. मला वाटते, ओरडत धावणाऱ्या साठ मुलांपेक्षा शांतपणे पाहत चालणारी दहा मुले अधिक सुरक्षित असतात. मात्र स्थानिक वाटाड्या हवा, वनखात्याचे नियम पाळायला हवेत आणि भर पावसात निसरड्या वाटांवर मुलांना नेऊ नये.

तिसरा आक्षेप, "मुलांना जरा मजा तरी करू द्या!" हा मला सर्वांत मोठा वाटतो, कारण त्यात तथ्य आहे. वही म्हणजे गृहपाठ झाला, तिला गुण मिळू लागले, तर सगळे फुकट जाईल. म्हणून आमच्या वहीला गुण नाहीत, तिची तपासणी नाही. मौनाचा तासही एकच. उरलेला वेळ गाणी, डबे, थट्टामस्करी. आणि खरे सांगतो, परतीच्या एस. टी.त मुले कशाविषयी बोलत होती ठाऊक आहे? शेकरूच्या त्या उडीविषयी.

माझी एक सूचना आहे. ही वही विद्यार्थ्याची असावी, पण तिच्यातल्या नोंदी शाळेच्या एका मोठ्या नोंदवहीत उतरवल्या जाव्यात. का? सह्याद्रीतल्या कारवीचे उदाहरण घ्या. ती साधारण आठ वर्षांतून एकदा डोंगरचे डोंगर जांभळे करून फुलते. पाचवीत आलेला मुलगा दहावी होऊन निघून जातो, आणि कदाचित त्याला कारवी फुललेली दिसतच नाही. एका मुलाच्या वहीत न मावणारी गोष्ट शाळेच्या नोंदवहीत मावते. त्याच डोंगरावर, त्याच महिन्यात, दर वर्षी दहा मुलांनी काय दिसले ते खरे खरे लिहिले, तर वीस वर्षांनी कोणता पक्षी कमी झाला, कोणते झाड गेले, हे ती वही सांगेल. त्या डोंगराविषयी तुमच्या शाळेइतकी माहिती मग कोणाकडेच नसेल.

आमच्या शाळेच्या नोंदवहीचे पहिले पान मी स्वतः लिहिले आहे. दुसऱ्या रकान्यात आहे: "वीतभर लांबीचा काळपट जांभळा साप. तोंड एक. आम्ही मारला." तिसरा रकाना मी कोराच ठेवला आहे. दर वर्षी नवी मुले ते पान वाचतात आणि मग डोंगराकडे निघतात.

तुम्ही केव्हा निघता?